तारीख ठाऊक नसेल तेव्हा

ग्वाल्हेर परिसरातील साहित्यिक-कलावंतांची संगणकीय सूची करायला घेतली, की अडचण नावांपेक्षा तारखांची अधिक येते. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध यांची नोंद सरळ आहे : जन्म १३ नोव्हेंबर १९१७, श्योपूर, मृत्यू ११ सप्टेंबर १९६४. पण तानसेनांची समाधी ग्वाल्हेरात असूनही त्यांच्या जन्माचे वर्षसुद्धा निश्चित नाही. राणी लक्ष्मीबाई येथेच धारातीर्थी पडल्या. तो दिवस कुठे १७ जून, तर कुठे १८ जून १८५८ असा दिला जातो. आणि हयात लेखकांच्या बाबतीत मृत्युदिनाचा रकाना रिकामाच राहणार.

कागदावर रकाना कोरा सोडता येतो. डेटाबेसमधील तारखेचा रकाना मात्र तारीखच मागतो. तिथे नुसती रिकामी अवतरणचिन्हे पाठवली, तर पोस्टग्रेएसक्यूएल नोंद नाकारते. एसक्यूएल सर्व्हर तिचे मुकाट्याने १ जानेवारी १९०० करून टाकतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण चूक झाल्याचे कळतच नाही. हयात लेखिका सूचीत १९०० सालीच दिवंगत ठरते.

यासाठी ‘नल’ ही खूण आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी ओळही नव्हे. ‘येथे मूल्य नाही’ एवढेच. रकाना तयार करतानाच त्यात नल चालेल असे ठरवावे लागते आणि नोंद घालताना नल हा शब्द अवतरणचिन्हांविना द्यावा लागतो. अर्जातील चौकट कोरी आली, तर प्रोग्रामने आधी तिचे नल करावे. पुढे अशा नोंदी शोधतानाही बरोबरीचे चिन्ह उपयोगी पडत नाही. ‘इज नल’ असेच विचारावे लागते.

तरी ‘हयात आहेत’ आणि ‘तारीख ठाऊक नाही’ यांतला भेद नल सांगत नाही. म्हणून शेजारी ‘स्थिती’चा रकाना असावा. फक्त वर्ष ठाऊक असेल, तर त्याला १ जानेवारी जोडू नये. वर्ष, महिना, दिवस असे वेगळे रकाने करून शेवटचे दोन नल ठेवावेत. जिथे मतभेद आहे, तिथे दोन्ही तारखा टिपणात लिहाव्यात.

सोयीसाठी भरलेली तारीख पुढे शाळेच्या फलकावर जयंती म्हणून लिहिली जाते, प्रबंधात उतरते आणि मग कुणाच्या हाताने पुसली जात नाही. रिकामा ठेवलेला रकाना मात्र उद्या जुन्या दप्तरात एखादा कागद सापडला, की भरता येतो.