भाड्याचे घर आणि पावतीची किंमत

कापडाचा एक तागा विकला तरी आपण बिल फाडतो, खतावणीत नोंद करतो. मात्र ज्या भाड्याच्या खोलीत आपल्या तीन पिढ्या वाढल्या, तिची पावती कुठे आहे, असे विचारले तर घरात कोणालाच सांगता येत नाही. वालिदांच्या इंतकालानंतर आम्हाला हा धडा मिळाला. मालकाने आधी आमच्याकडून भाडे घेणे बंद केले आणि मग भाडे थकल्याची नोटीस पाठवली. अम्मीने बिस्किटांच्या डब्यात जुन्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून घर वाचले.

मुंबईच्या १९४७ च्या कायद्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जो भाडेकरू भाडे देतो किंवा देण्यास तयार असतो आणि अटी पाळतो, त्याला कलम १५ चे संरक्षण आहे. भाडे थकले तरी लेखी नोटिशीनंतर ९० दिवस मालकाला दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज व पुढचे भाडे नियमित भरले आणि कोर्ट ठरवील तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. भाडेकरू वारल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क येतो. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणेही बेकायदा आहे.

पण हा हक्क बेलगाम नाही. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, लेखी संमतीविना पक्के बांधकाम केले किंवा योग्य कारण नसताना सहा महिने घर वापरले नाही, तर ते जाऊ शकते. मालकाची खरी गरजही कोर्ट विचारात घेते. ११ महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याला तर हे संरक्षणच नाही. मुदत संपताच घर सोडावे लागते, नाहीतर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आपली तरुण मुले मात्र करार न वाचताच सही करतात.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. दुकानात आपण ती पाळतो, मग घराच्या बाबतीत गफलत का? व्यापारी बंधूंनो, भाडे चेकने किंवा बँकेमार्फत द्या, दरमहा पावती मागा आणि वडिलांच्या नावावरची पावती वेळीच आपल्या नावावर करून घ्या. मालकाचा हक्क बुडवू नका, आपलाही बुडू देऊ नका. कोर्टात तोंडी शब्दापेक्षा कागदाचे वजन जास्त असते.