घरातील दूरचित्रवाणी संच : निवड व मांडणी

धान्याच्या घाऊक व्यापारात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने दूरचित्रवाणी संचावर लेख लिहावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. मी अभियंता नव्हे. मॅट्रिक होऊन वडिलांच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत अमरगोळच्या बाजार आवारात ज्वारी, हरभरा आणि भुईमूग यांच्या राशींतच वावरत आहे. परंतु गेल्या तीन वर्षांत एकाच वस्तूची खरेदी मला दोनदा करावी लागली, आणि पहिल्या खेपेस जी चूक झाली ती व्यापाऱ्यास न शोभणारी होती. तो अनुभव व त्यानंतर जाणकारांकडून समजून घेतलेली माहिती व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

आमच्या पिढीचे कान धारवाड आकाशवाणीवर वाढले. ते केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणी भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत अवतरली आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी पोहोचली. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात आपल्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. १९८२ साली रंगीत चित्रे आली, आणि १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी बाजारपेठ ओस पडत असे, हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या काळी संच निवडणे सोपे होते, कारण निवडण्याजोगे फारसे काही नव्हतेच. आज दुकानात पाऊल टाकताच भिंतभर पडदे झळकतात आणि ग्राहक गोंधळून जातो.

सन २०२२ च्या दिवाळीत मीही असाच गोंधळलो. माझ्या मातोश्री तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या होत्या. पाय घसरून पडल्यापासून त्यांचे घराबाहेर जाणे थांबले होते. त्यांना नाट्यसंगीत, कीर्तन व मराठी बातम्या घरबसल्या पाहता याव्यात म्हणून संच घेण्याचे ठरविले. दुकानात ६५ इंची पडद्यावर मोराचा पिसारा व समुद्रातील मासे इतके तेजस्वी दिसत होते की मी अधिक चौकशी न करता पैसे मोजले. घरी आणल्यावर तो संच बैठकीच्या भिंतीवर, पूर्वजांच्या तसबिरी जेथे असतात तितक्या उंच टांगला. आलेल्या-गेलेल्यांनी वाखाणणी केली आणि मी कृतार्थ झालो.

सन २०२५ च्या एप्रिलात वळवाचा पाऊस विजांसह कोसळला व त्याच रात्री संच बंद पडला. तपासणीअंती आतील मुख्य भाग जळाल्याचे व तो आता मिळत नसल्याचे कळले; हमीची मुदतही केव्हाच उलटली होती. घरात सर्वांस हळहळ वाटली. मातोश्री मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, मला त्यातलं ऐकू कुठं येत होतं? वर बघून बघून मान दुखायची, म्हणून मी आपला रेडिओच लावायचे.” अडीच वर्षे ज्यांच्यासाठी तो संच घरात होता, त्यांनाच त्याचा उपयोग नव्हता, आणि मी ते कधी विचारलेही नव्हते. आर्थिक नुकसानीपेक्षा ही गोष्ट मनाला अधिक लागली. पुढील विवेचन त्या बोलण्यातून निर्माण झालेले आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. संचाचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा होय. आजच्या पडद्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण १६ : ९ असते, जुन्या संचांचे ४ : ३ असे. यामुळे जुन्या २१ इंची संचाइतकी उंची हवी असल्यास नवा संच सुमारे २६ इंची लागतो. आकार ठरविण्याची सोपी रीत अशी : बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजावे. त्यास अडीचने भागल्यास लहानात लहान व एक पूर्णांक सहा दशांशने भागल्यास मोठ्यात मोठा योग्य आकार मिळतो. आमच्या मातोश्रींची खुर्ची भिंतीपासून सात फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर असते. त्यावरून ३४ ते ५२ इंच ही मर्यादा निघाली, व दुसऱ्या खेपेस आम्ही ५० इंची संच घेतला. शेजाऱ्याचा पडदा केवढा आहे, हे या हिशेबात कोठेही येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा विचार चित्राच्या बारकाव्याचा. पडद्यावरील चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० व २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. आता पाहा, साध्या प्रतीच्या वाहिनीचे चित्र ७२० व ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख ठिपक्यांचे येते. फोर-के पडद्यास ते बरोबर वीसपट ताणावे लागते. एका पोत्यातील ज्वारी वीस पोत्यांत भरली तरी ज्वारी वाढत नाही, पोती तेवढी वीस दिसतात. संच उरलेले ठिपके अंदाजाने भरतो, आणि पडदा जितका मोठा तितका तो अंदाज डोळ्यांस खुपतो. घरात साध्या वाहिन्याच अधिक पाहिल्या जात असतील तर फार मोठ्या पडद्यामागे धावण्यात हशील नाही.

तिसरा विचार पडद्याच्या जातीचा. ज्यास बाजारात एलईडी म्हणतात तो वस्तुतः एलसीडी पडदाच असून त्याच्या मागील प्रकाश एलईडी दिव्यांचा असतो. क्यूएलईडी हाही त्याच कुळातील. त्यात रंग अधिक शुद्ध करणारा एक थर असतो. ओएलईडीची जात मात्र निराळी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो व विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. परंतु एकच स्थिर आकृती दिवसेंदिवस राहिली तर तिचा ठसा त्यावर उमटण्याचा संभव असतो. आपल्यापैकी जे सकाळपासून भावांची पट्टी सरकणारी वृत्तवाहिनी लावून ठेवतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. तसेच बैठकीत माणसे दोन्ही बाजूंस बसत असतील तर दुकानातच पडद्याच्या बाजूस उभे राहून पाहावे. काही पडदे कडेने पाहिल्यास फिके पडतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपण धान्य घेताना विक्रेत्याने वर मांडलेली मूठ पाहून सौदा करतो काय? पोत्यात सळई खुपसून तळाचा दाणा काढतो, हातावर चोळतो, दाताखाली धरतो आणि मगच भाव बोलतो. दुकानातील मोराचा पिसारा ही विक्रेत्याने वर मांडलेली मूठ होय. ते चित्रण त्या पडद्यासाठीच तयार केलेले असते, आणि दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावे म्हणून संचाचा उजेड व रंग कमाल मर्यादेवर ठेवलेले असतात. यास्तव दुकानदारास विनंती करून संच घरगुती मांडणीवर आणावयास सांगावे व आपण घरी पाहतो तीच वाहिनी लावून पाहावी. घरातील लग्नकार्याचे चित्रण पेन ड्राइव्हवर नेल्यास उत्तम. ओळखीच्या चेहऱ्यांचा रंग चुकला तर तो त्याच क्षणी कळतो. चाळीस वर्षे जी सावधगिरी मी मालाच्या बाबतीत पाळली, ती घरच्या वस्तूच्या बाबतीत विसरलो, हीच माझी चूक.

चौथा विचार आवाजाचा, व घरात वृद्ध मंडळी असल्यास हाच पहिला समजावा. पडदा जितका पातळ, तितकी ध्वनिक्षेपकास जागा कमी. बहुतेक पातळ संचांत तो खालच्या अथवा मागच्या बाजूस तोंड करून असतो, त्यामुळे शब्द भिंतीवर आपटून अस्पष्ट येतात. आवाज वाढविला तरी गोंगाट वाढतो, शब्द उमगत नाहीत. पडद्याखाली ठेवण्याचा साउंडबार घेऊन तो एचडीएमआय तारेने ‘एआरसी’ असे लिहिलेल्या खाचेत जोडल्यास मोठा फरक पडतो. अनेक संचांत संभाषण ठळक करणारी सोयही असते, ती चालू करावी. खरेदीपूर्वी एचडीएमआय खाचा किती आहेत, हेही मोजून घ्यावे. दोनपेक्षा तीन बऱ्या.

यानंतर मांडणी. संच गाडीतून आणताना उभाच ठेवावा, आडवा कधीही टाकू नये. भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस, म्हणजे जमिनीपासून सुमारे ४० इंचांवर यावा. ५० इंची पडद्याची उंची साडेचोवीस इंच भरते. म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून २८ इंचांच्या आसपास येते. हे प्रथम फार खाली वाटते, परंतु दोन दिवसांत मान आपला कौल देते. खिडकीच्या समोरची भिंत टाळावी, कारण तिच्यावरील पडद्यात दिवसा खिडकीच दिसते. भिंत जुनी मातीची अथवा पोकळ ठोकळ्यांची असल्यास साध्या खुंट्यांवर विसंबू नये. गवंड्यास दाखवून योग्य बोल्ट वापरावेत, अथवा भक्कम मेजावर संच ठेवून मागून पट्ट्याने बांधावा, म्हणजे मुलांच्या धक्क्याने तो कोसळणार नाही. मागे हवा खेळण्यास जागा ठेवावी.

ज्यांना मासिक वर्गणी नको असेल त्यांनी दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार करावा. त्यावर मराठीची सह्याद्री व कन्नडची चंदना या दोन्ही वाहिन्या मिळतात. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने हुबळी-धारवाडहून छत्रीचे तोंड आग्नेयेस व क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असावे लागते. त्या बाजूस नारळाचे झाड किंवा उंच इमारत नसावी. मुसळधार पावसात चित्र थबकते, तो संचाचा दोष नव्हे.

विजेसंबंधी माझी शिकवण महाग पडलेली आहे, म्हणून ती ठळकपणे सांगतो. विजेचा दाब कमीअधिक होणे आणि आकाशातील विजेचा तडाखा बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्टॅबिलायझर पहिल्यासाठी, सर्ज प्रोटेक्टर दुसऱ्यासाठी. तोही भूसंपर्क म्हणजे अर्थिंग नीट असेल तरच उपयोगी, आणि जवळ वीज पडल्यास त्याचीही खात्री नाही. खरा उपाय फुकटचा आहे : वळवाचे ढग गडगडू लागताच संचाची पिन काढावी व छत्रीकडून येणारी तारही सोडवावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. तारेवाटेही वीज आत शिरते. शंभर वॅटचा संच रोज पाच तास चालल्यास महिन्यास १५ युनिटे लागतात, हाही हिशेब मनाशी ठेवावा.

संच लावल्यावर त्यातील काही गोष्टी आपल्या हाताने बदलाव्यात. झगझगीत मांडणी काढून साधी अथवा चित्रपटाची मांडणी ठेवावी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केल्यास चित्रपट नैसर्गिक दिसतो. चित्राच्या कडा कापल्या जात असल्यास चित्र पडद्याएवढे बसविण्याची सोय शोधावी. आजचे संच इंटरनेटला जोडलेले असतात व आपण काय पाहतो याची नोंद घेऊन ती बाहेर पाठविण्याची व्यवस्था कित्येकांत असते. ज्या व्यापाऱ्यास आपली खतावणी परक्याने चाळलेली खपत नाही, त्याने ती परवानगीही नाकारावी.

शेवटी पावतीविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३०,००० रुपये मूळ किमतीच्या संचास पूर्वी ३८,४०० रुपये पडत, ते आता ३५,४०० पडतात. मात्र घरात पाहावयाचा संच पेढीच्या नावे घेऊन कराची वजावट मागणे कायद्यास धरून नाही. तो मोह टाळावा. जुना संच भंगारवाल्यास देण्याऐवजी अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवावा. जुन्या काचेच्या नळीत शिसे असते, ते मातीत मिसळणे कोणाच्याच हिताचे नाही.

गेल्या विजयादशमीस आमच्या घरी दुसरा संच आला. तो पहिल्यापेक्षा लहान आहे, खाली आहे, आणि आल्यागेल्यांपैकी कोणी त्याची वाखाणणी केलेली नाही. परंतु तो कोठे लावावा, हे या वेळी मातोश्रींना खुर्चीवर बसवून त्यांनाच विचारून ठरविले. संध्याकाळी दुकानातून परतल्यावर बैठकीतून नाट्यपदाचे सूर ऐकू येतात आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरीत असतो. पहिल्या संचासाठी मोजलेले पैसे बुडीत खाती गेले, पण तेवढ्या किमतीत मला जे कळले ते असे की वस्तू घेण्यापूर्वी ती ज्याच्यासाठी घ्यावयाची त्यास विचारावे.