स्टेअरिंगमधून खडखड येतेय? आधी टाय रॉड एंड तपासा. बदलताना 'या' चुका टाळा

खड्ड्यातून गाडी गेली की पुढून 'खट-खट' आवाज येतो, स्टेअरिंग ढिलं लागतं, सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते. असं होत असेल तर 'रस्ताच खराब आहे' म्हणून सोडून देऊ नका. टाय रॉड एंड झिजलेला असू शकतो.

टाय रॉड एंड म्हणजे काय?
स्टेअरिंग फिरवलं की तो जोर रॉडमधून पुढच्या चाकापर्यंत जातो. रॉडच्या चाकाकडच्या टोकाला गोळी असलेला सांधा असतो, तोच टाय रॉड एंड. त्यावर ग्रीस भरलेलं रबरी बूट असतं. हे रबर फाटलं की ग्रीस बाहेर येतं, चिखल-माती आत जाते आणि गोळी झिजते. सांधा पूर्ण निसटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकतच नाही. वेगात असताना असं झालं तर गाडी सावरणं अवघड होतं.

पाच मिनिटांत तपासणी
पुढचं चाक जॅकवर उचला. घड्याळात 9 आणि 3 असतात त्या जागी दोन्ही हातांनी चाक धरून हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसाला सांध्याकडे बघायला सांगा. खेळ नेमका कुठे आहे ते दिसतं. 12 आणि 6 च्या जागी धरून हलत असेल, तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंटही तपासून घ्या. टायर एकाच कडेने झिजत असेल तर तीही खूण समजा.

काय सामान लागतं?
जॅक, जॅक स्टँड, चाकाचा पाना, रिंग पाने, टाय रॉड पुलर, गंज सोडवायचा स्प्रे, टॉर्क पाना, नवीन नट आणि स्प्लिट पिन. पार्ट घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि डावी-उजवी बाजू दुकानदाराला नीट सांगा.

बदलायचं कसं?
1. गाडी सपाट, कडक जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. जमीन भुसभुशीत असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा.
2. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचलून स्टँडवर टेकवा आणि चाक काढा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका.
3. स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. रॉडवरचा चेक नट थोडाच सैल करा.
4. स्प्लिट पिन आणि नट काढून पुलरने सांधा सोडवा. आट्यांवर हातोडी मारू नका.
5. जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा. नवीन तेवढ्याच फेऱ्या आत बसवा. जुन्या जीपसारख्या गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असू शकतात. जोर लावण्याआधी बघा.
6. नट फिरवताना सांध्याची दांडीच फिरत असेल, तर टॉमीने सांध्यावर दाब द्या. निमुळती दांडी भोकात घट्ट बसते आणि नट आवळता येतो.
7. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने नट आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवू नका, थोडा पुढे आवळून पुढची खाच जुळवा. पिन नवीनच टाका. शेवटी चेक नट घट्ट करा.

अलाइनमेंट टाळू नका
फेऱ्या मोजून बसवलं तरी चाकांचा कोन अगदी तंतोतंत राहत नाही. त्यामुळे काम झाल्यावर सावकाश चालवत गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्या. इथे पैसे वाचवायला गेलं तर नवे टायरही वेळेआधी झिजतात.

पुलर किंवा टॉर्क पाना नसेल, नट गंजून जाम झाला असेल, तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. पण तपासणी घरी नक्की करा. सांध्यात खेळ जास्त दिसला तर त्या गाडीत माणसं बसवून हायवेला जाऊ नका. मेकॅनिकलाच गाडीपाशी बोलवा.