दर वेळी खाली घसरणारी खिडकी

मंडळी, लिनक्सवर काही प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडले की खिडकी थोडी खाली सरकलेली दिसते. दहा वेळा उघडा, दहापट घसरते. ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी ते अंतर मोजा. टायटल बारच्या उंचीइतकं भरलं, तर चोर सापडलाच! (कडा जाड असेल तर उजवीकडेही सरकते.)

एक्स ११ मध्ये खिडकी प्रोग्रॅमची, पण भोवतीची चौकट विंडो मॅनेजर चढवतो. प्रोग्रॅम बंद होताना आतल्या भागाची जागा लिहून ठेवतो. पुढच्या वेळी त्याच आकड्यावर चौकटीचा कोपरा बसतो. म्हणजे आतला भाग आणखी एक टायटल बार खाली. टर्मिनलमधून एक्सप्रॉप चालवून खिडकीवर क्लिक करा, 'नेट फ्रेम एक्स्टेंट्स' या ओळीत चौकटीची चारही मापं मिळतात. बग-रिपोर्ट बहुतेक वेळा विंडो मॅनेजरवाल्यांकडे जातो, बिचारे!

क्यूटीत कोड लिहिणाऱ्यांनी आकडे स्वतः साठवायचा उद्योग करू नये. 'सेव्ह जॉमेट्री' आणि 'रिस्टोअर जॉमेट्री' ४.२ पासून आहेत.

वेलँडवर मात्र ही विद्या चालत नाही. तिथे साध्या खिडकीला स्वतःची जागा कळतही नाही, मागताही येत नाही. कंपोझिटर ठेवेल तिथे गुमान बसायचं. केडीई वापरत असाल तर विंडो रूल्समध्ये जागा पक्की करता येते.