घरच्या म्हाताऱ्या मांजराचे सांधे



ऊस विकासाच्या पानावर मांजराचा विषय पाहून काहीजण हसतील. पण जिथे भाताची कणगी आणि उसाचा फड, तिथे उंदीर आलाच, आणि उंदीर आला की मांजर आलेच. बैल म्हातारा झाला की आपण लगेच ओळखतो. मांजर म्हातारे झालेले मात्र ओळखत नाही. आम्हीही ओळखले नव्हते.

कान्ह्याला आमच्या घरी तेरा वर्षांची भाटी आहे. गेल्या पावसाळ्यात ती माळ्यावर चढेनाशी झाली आणि उंदीर मोकाट सुटले. "आयतं खाऊन आळसावलीय, दूध बंद करा," असा हुकूम आम्ही सोडला. चार दिवसांनी ती पुढचा पाय टेकेना. उचलून पाहिले, तर नख वाढून, वळून तळव्याच्या गादीत रुतलेले! पशुवैद्यांनी नख कापले, खुबे-गुडघे चाचपले आणि म्हणाले, "साहेब, ही आळशी नाही. हिचे सांधे दुखताहेत." आमच्याजवळ शेतीची पदविका असूनही मान खाली घालावी लागली.

सांधा झिजतो कसा?

बैलगाडीच्या आसाला वंगण नसेल तर काय होते, ते आपणांस सांगायला नको. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव. वयाबरोबर कूर्चा झिजते, हाडाच्या कडा खडबडीत होतात, सांधा आखडतो. अमेरिकेत १०० म्हाताऱ्या मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा वर्षांवरील दर दहांपैकी नऊ मांजरांत सांध्यांची झीज आढळली होती.

मग मांजर लंगडत का नाही? बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे झिजतात, मग भार टाकायला चांगला पाय उरतच नाही. शिवाय मांजर दुखणे लपवते.

खुणा ओळखा

१) एका उडीत चढायचे तिथे आधी पाय टेकवून, अडखळत चढते, किंवा चढतच नाही.
२) झोपून उठल्यावर अंग ताठते.
३) पाठीकडचे केस चाटत नाही, तिथे गुंता होतो.
४) नखे घासत नाही, म्हणून ती जाड होऊन वळतात.
५) कमरेला हात लावताच गुरकावते.
६) बाहेर न जाता घरातच घाण करते.

शेवटच्या खुणेवर मार बसतो, तो बसू नये.

घरचे उपाय

चुलीजवळ कोरड्या जागी गोणपाटाची घडी टाकावी. मावळच्या पावसात ओल्या फरशीवर तिला झोपू देऊ नये. नेहमीच्या जागी चढायला मध्ये एखादे खोके ठेवावे. खाणे-पाणी जमिनीवरच द्यावे. नखे पंधरवड्याने पाहावीत व टोके तेवढी कापावीत, आतल्या लाल शिरेला धक्का लावू नये. मांजर लठ्ठ असेल तर खाणे थोडे कमी करावे, पण आमच्यासारखे एकदम तोडू नये.

दोन गोष्टी जिवावरच्या

पहिली : माणसाची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिचे विष निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या काळपट-तपकिरी होतात, तोंड व पंजे सुजतात. चुकून पोटात गेलीच तर वाट न पाहता दवाखाना गाठा. मांजरासाठी वेगळी औषधे आहेत, पण ती वजन आणि मूत्रपिंड पाहून पशुवैद्यच देतील.

दुसरी : उसात झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकता, तेव्हा मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. म्हाताऱ्या मांजराला पळता उंदीर धरवत नाही, मेलेला किंवा झिंगलेला मात्र सहज सापडतो.

आमची भाटी आता खोक्यावर पाय देऊन खिडकीत बसते. उंदीर धरणे तिने जवळजवळ सोडले आहे. पण तेरा वर्षे तिने आमचे धान्य राखले. तेव्हा आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपापल्या घरच्या मांजराचे पंजे एकदा उचलून पाहा, एवढीच विनंती.