गळ्यात बँकेचं आयकार्ड, पण नोकरी कुणाची?

सीबीडी बेलापूरला स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर आहे. ऐरोली, महापे, घणसोलीच्या पट्ट्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर आणि बॅक ऑफिसचं काम चालतं. खारघर-उलव्याकडे नवे टॉवर उभे राहतात तशा गृहकर्जाच्या फाइली गोळा करणाऱ्या डीएसएंच्या (डायरेक्ट सेलिंग एजंट) फेऱ्या वाढतात. या सगळ्यांत बँकेचं काम करणारी, पण बँकेच्या पगारपत्रकावर नसलेली माणसं भरपूर आहेत. कुणी वेंडरमार्फत प्रोजेक्टवर असतं, कुणी महिन्याला बिल लावतं, कुणी निव्वळ कमिशनवर असतं. करार आणि कर यांबद्दल त्यांना जे सल्ले मिळतात, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी परिस्थितीतले असतात. आयटीवाल्याला लागू पडणारा नियम डीएसएने उचलला की घोळ होतो.

“ॲग्रीमेंटवर ‘कन्सल्टंट’ लिहिलंय, म्हणजे विषय संपला”

संपत नाही. कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध कसा आहे हे कोर्ट पाहतं. काम काय करायचं एवढंच समोरचा सांगतो, की ते कसं करायचं हेही तोच ठरवतो? रजा कुणाला विचारून घ्यावी लागते? दुसरीकडे काम घ्यायची मोकळीक आहे का?

याचं बँकिंगमधलंच उदाहरण म्हणजे पिग्मी एजंट. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी योजना सुरू केली. महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्थांमुळे दुकानादुकानांतून रोजची रक्कम गोळा करणारा हा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा झाला. बँकांचं म्हणणं असं होतं की हे स्वतंत्र एजंट आहेत, त्यांना कमिशन मिळतं, वेळेचं बंधन नाही, इतर उद्योग करायलाही ते मोकळे आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. बँकेचं त्यांच्यावर नियंत्रण आहे, कमिशन हे कामाच्या प्रमाणाशी जोडलेलं वेतनच आहे आणि ते कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत, असा निकाल दिला. कायम कारकुनाची जागा मिळणं हा प्रश्न वेगळा, पण ‘एजंट’ या शब्दाच्या आड लपता आलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण पुण्याचं आहे. रुबी हॉल क्लिनिक चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या सल्लागार डॉक्टरांना आयकर खात्याने कर्मचारी ठरवायचं म्हटलं होतं. तसं ठरलं असतं तर त्यांच्या मानधनावर पगाराप्रमाणे टीडीएस कापावा लागला असता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खात्याचं म्हणणं मान्य केलं नाही. करारातल्या अटी एकत्र वाचल्या तर मालक-नोकराचं नातं दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसतं, एकच वाक्य बघून कुणी निर्णय देत नाही. शिवाय कामगार कायदा आणि आयकर कायदा आपापल्या कारणासाठी तपासणी करतात. वेंडर टीडीएस ‘प्रोफेशनल फी’ म्हणून कापतो एवढ्यावरून तुम्ही कामगार नाही, असं सिद्ध होत नाही.

स्वतःपुरतं तपासायचं असेल तर वर्षअखेरीला काय हातात पडतं ते बघा. फॉर्म १६ मिळाला तर तुम्ही वेंडरचे पगारदार आहात, मग जागा बँकेची असो. फॉर्म १६ए मिळाला तर तुमचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं गेलंय आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे लोकांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक वापरले आहेत.)

“टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला”

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. टीडीएस हा तुमच्या नावावर जमा झालेला आगाऊ हप्ता आहे. खरा कर स्लॅबप्रमाणे ठरतो. व्यावसायिक फीवर कलम १९४जे खाली १० टक्के कापले जातात, तांत्रिक सेवेवर २ टक्के. डीएसएच्या कमिशनवर १९४एच खाली ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्केच कापतात, आधी ५ होते. कपात कमी झाली म्हणून कर कमी झालेला नाही.

२०२५-२६ चा हिशेब करून पाहू. वाशीत बसून काम करणाऱ्या एका डीएसएला वर्षाचं कमिशन १८ लाख मिळालं. पेट्रोल, फोन, हाताखालचा मुलगा असा खरा खर्च ४ लाख. उरले १४ लाख. नव्या करप्रणालीत त्यावर कर ९०,००० आणि ४ टक्के सेस धरून ९३,६०० होतो. टीडीएस कापला गेला ३६,०००. उरलेले ५७,६०० त्याने स्वतःहून भरायचे, तेही जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ कर म्हणून. रिटर्न भरताना बघू म्हटलं तर व्याज लागतं.

आता दुसरीकडे पाहा. महाप्यात बँकेच्या प्रोजेक्टवर असलेला प्रोग्रॅमर महिन्याला १ लाख २० हजारांचं बिल लावतो. वर्षाचे १४ लाख ४० हजार. १० टक्क्यांनी १ लाख ४४ हजार कापले गेले. तो ४४एडीए घेऊ शकतो, म्हणजे निम्मी रक्कम, ७ लाख २० हजार, उत्पन्न म्हणून दाखवतो (प्रत्यक्षात जास्त उरत असेल तर जास्तही दाखवता येतं). दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य, आणि कापलेली सगळी रक्कम परत मिळते. रिटर्न न भरता बसला तर ती सरकारकडेच राहते.

इथेच ऑफिसातल्या मित्राचा सल्ला डीएसएला गोत्यात आणतो. “अर्ध्याच उत्पन्नावर कर भर, सगळे तसंच करतात.” ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकिली, वैद्यकी, इंजिनिअरिंग, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान वगैरे. कर्ज मिळवून देणं त्या यादीत नाही. बरं, छोट्या धंद्यांसाठीचं ४४एडी तरी चालेल का? तेही नाही. कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्यांना कायद्याने त्यातून स्पष्ट वगळलं आहे. तरीही कितीतरी डीएसए वर्षानुवर्षं अशा अंदाजित उत्पन्नासाठीचा आयटीआर-४ भरत आले आहेत. डीएसएने खर्चाच्या पावत्या आणि वह्या ठेवून आयटीआर-३ भरायचा असतो. ४४एडीएची मर्यादाही लक्षात ठेवा: ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

जुन्या-नव्या प्रणालीत दरवर्षी उड्या मारता येतात, हेही पगारदारांपुरतंच खरं. व्यवसायाचं उत्पन्न असणारा एकदा जुन्यात गेला की त्याला नव्यात परत येता येतं, पण त्यानंतर पुन्हा जुनी प्रणाली निवडता येत नाही. पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट बिल लावणाऱ्याला मिळत नाही. आणि राज्याचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, स्वतः नोंदणी करून भरायचा असतो.

“जीएसटी नंबर नाही तर बँक काम देणार नाही”

स्वतःच्या नावावर काम करणारा डीएसए बँकेला किंवा एनबीएफसीला सेवा देतो, तेव्हा जुलै २०१८ पासून जीएसटी भरण्याची जबाबदारी बँकेची आहे. नुसतं हेच काम असेल तर नोंदणीची गरज नाही. मात्र तुम्ही एलएलपी किंवा कंपनी काढली की हा नियम सुटतो. तसंच तुम्ही मोठ्या डीएसएच्या हाताखालचे ‘कनेक्टर’ असाल तर तुमचा ग्राहक बँक नसून तो डीएसए आहे, म्हणून इथेही नेहमीचा नियम लागतो. नेहमीचा नियम म्हणजे २० लाखांची मर्यादा, त्यापुढे १८ टक्के. ४० लाखांचा आकडा माल विकणाऱ्यांसाठी आहे. वेंडरचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी सेवेसाठी मर्यादा तीच.

“करार वेंडरशी, बँकेचा काय संबंध?”

रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार तपासणीचा हक्क, गोपनीयता, उप-कंत्राटाला बँकेची मंजुरी या अटी बँकेला वेंडरच्या करारात घालाव्याच लागतात, आणि वेंडर त्या तुमच्यापर्यंत उतरवतो. लॅपटॉप तपासायची अट दिसली तर ती खास तुमच्यावरच्या अविश्वासातून आलेली नसते.

“सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या बँकेचं काम करायचं नाही” ही अट बघून मात्र घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे करार संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. करार चालू असतानाची बंदी टिकते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनच्या प्रकरणात १९६७ मध्ये तसा निकाल झाला होता. मुदतीआधी सोडल्यास ठरलेली रक्कम देण्याची अटही टिकू शकते. विजया बँकेने एका अधिकाऱ्याकडून घेतलेला २ लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये योग्य ठरवला. तो अधिकारी नोकरीत होता, पण रकमेच्या अटीवर सही करताना तुम्हीही हा निकाल लक्षात ठेवा.

मला जास्त काळजी वाटते ती दोन साध्या कलमांची. डीएसएच्या करारात बहुधा असं कलम असतं की कर्ज ठरावीक महिन्यांच्या आत फेडून टाकलं गेलं किंवा थकलं, तर दिलेलं कमिशन पुढच्या पेआउटमधून वळतं होईल. किती महिने, आणि थकलं म्हणजे नेमके किती हप्ते, हे सहीआधी लिहून घ्या. दुसरं, वेंडरच्या करारातलं: “बँकेकडून पैसे आल्यावर तुमचे देऊ.” बँकेने बिल अडवलं की तुमचाही महिना गेला.

यावर बिल लावणाऱ्या आयटीवाल्याच्या हातात एक चांगलं हत्यार आहे आणि ते फार कमी जण वापरतात. सेवा देणारी एकटी व्यक्तीही उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. मग एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही मुदत लिहिली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकर कायद्याच्या ४३बी(एच) मुळे वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम वेंडरला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चच्या आसपास त्याचा अकाउंट्स विभागही अशा बिलांकडे लक्ष देतो. नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, शुल्क नाही. ती काम सुरू करण्याआधी करा आणि उद्यम क्रमांक पहिल्या बिलापासून छापा.