उच्च प्रभारित आयन आणि इलेक्ट्रॉनचे वस्तुमान

कार्बन-१२ च्या अणूतील सहापैकी पाच इलेक्ट्रॉन काढल्यावर उरणारा आयन पेनिंग सापळ्यात चुंबकीय व विद्युत् क्षेत्रांच्या योगाने धरून ठेवता येतो. आयनाच्या वर्तुळाकार गतीची कंप्रता व इलेक्ट्रॉनच्या परिवलनाक्षाची परांचन-कंप्रता यांच्या गुणोत्तरातून चुंबकीय क्षेत्राचे मूल्य वगळले जाते. पुंज विद्युत् गतिकीने दिलेला जी-गुणक योजून जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनचे वस्तुमान पूर्वीपेक्षा १३ पट अचूकतेने काढले. मात्र या पद्धतीत सिद्धांतच गृहीत धरलेला असतो. त्याची खरी कसोटी जड अणुकेंद्राच्या प्रबल विद्युत् क्षेत्रात लागते. २०२३ मध्ये हायडेलबर्ग येथे ४९ इलेक्ट्रॉन काढलेल्या कथिलाच्या आयनावर घेतलेले मापन सिद्धांताशी जुळले.